हेला पेशींवर कर्क्युमिन टाकताय? एमटीटी करायची कशी आणि निकाल लिहायचा कसा

डिसर्टेशनचं सेमिस्टर सुरू झालं की ज्युनियर लोकांचे फोन यायला लागतात, ताई सर्वायकल कॅन्सरच्या सेल्सवर कर्क्युमिन टाकायचंय, डोस किती घेऊ, आयसी५० किती यायला पाहिजे. (कर्क्युमिन म्हणजे हळदीतला पिवळा घटक, सर्वायकल कॅन्सर म्हणजे गर्भाशयमुखाचा, आयसी५० म्हणजे परिणाम निम्म्यावर आणणारा डोस, आणि एमटीटी म्हणजे पेशी किती जोमात आहेत ते रंगावरून मोजायची टेस्ट.) आता "किती यायला पाहिजे" ह्या प्रश्नातच सगळा घोळ आहे, कारण आकडा आधी डोक्यात धरून प्रयोग केला की तो आकडा कुठूनतरी येतोच, आणि मग पोस्टरवर "हळदीने कॅन्सरच्या पेशी मारल्या" असं मोठ्या अक्षरात छापून होतं. मी स्वतः एमएस्सीला हेच केलं होतं. त्या पोस्टरसमोर काय झालं ते शेवटी सांगते, आधी प्रयोग नीट कसा करायचा ते बघू. जे गाइड लोक सांगत नाहीत कारण त्यांना वाटतं आपल्याला माहीत असेल, तेच जास्त लिहिलंय.

आधी पेशी कोणत्या आहेत ते समजून घ्या

सगळे हेला ही गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची सेल लाइन, म्हणजे लॅबमध्ये कायम वाढवत ठेवलेल्या पेशी, घेतात कारण त्या भराभर वाढतात, साधारण २४ तासांत दुप्पट होतात, आणि शेजारच्या लॅबमध्ये मिळून जातात. घ्या, पण कोणाच्या आहेत ते माहीत असू द्या. हेन्रिएटा लॅक्स नावाची कृष्णवर्णीय बाई, पाच मुलांची आई, १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये उपचारांना आली होती, तिच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या पेशी जॉर्ज गाय यांच्या लॅबमध्ये वाढत राहिल्या, तिला कोणी विचारलं नव्हतं, ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेली. थिसिसमध्ये तिचं नाव एका ओळीत तरी लिहा अशी माझी मनापासून विनंती आहे.

हेलामध्ये एचपीव्ही, म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरसचा, १८ नंबरचा प्रकार आहे. ह्याच कॅन्सरच्या अजून तीन लाइन्स ऐकाल. सिहामध्ये एचपीव्ही १६, एका पेशीत एखाद-दोन कॉपी. कास्कीमध्ये पण १६ च पण कॉपी सहाशेच्या आसपास. आणि सी-३३-ए मध्ये एचपीव्ही नाहीच. हे पाठ करायला नाही सांगत, पण ह्या कॅन्सरचं मूळच त्या व्हायरसच्या दोन प्रोटीन्समध्ये आहे, ई६ आणि ई७. ई६ आपल्या पेशीतल्या पी५३ ला कचऱ्यात पाठवतं, ई७ आरबी ह्या ब्रेकला निकामी करतं, म्हणजे पेशीचा राखणदारही गेला आणि ब्रेकही गेला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे एचपीव्ही आहे हे दाखवल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. तर तुमचं कंपाउंड ई६-ई७ कमी करून मारतंय की नुसतंच विषारी आहे म्हणून मारतंय, हा खरा प्रश्न आहे, आणि तो विचारायचा असेल तर हेला किंवा सिहाच्या जोडीला सी-३३-ए ठेवायलाच पाहिजे. एचपीव्ही नसलेल्या पेशीही तेवढ्याच मेल्या तर "व्हायरसवर वार केला" असं म्हणता येत नाही.

अजून एक, नॉर्मलच्या जवळ जाणारी एखादी लाइन घ्या. बहुतेकजण हाकॅट घेतात, ती त्वचेची आहे आणि तिच्यातही पी५३ बिघडलेला आहे, म्हणजे पूर्ण नॉर्मल नाहीच, पण काहीच नसण्यापेक्षा बरी. हाकॅटला "नॉर्मल सर्वायकल सेल" असं लिहू नका, व्हायव्हामध्ये तिथेच पकडतात.

पेशी शक्यतो पुण्याच्या एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) च्या रिपॉझिटरीतून मागवा, पॅसेज नंबर, म्हणजे पेशी कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये नेल्या तो आकडा, लिहून ठेवा. कोणीतरी प्रेमाने दिलेल्या फ्लास्कवर "सिहा" लिहिलंय म्हणून ती सिहाच असेल असं नाही, हेला इतक्या चिवट आहेत की दुसऱ्या फ्लास्कमध्ये एक थेंब गेला तरी काही आठवड्यांत सगळं घर त्यांचं होतं, आणि हे जगभर झालेलं आहे, १९६६ सालीच स्टॅनली गार्टलर यांनी दाखवून दिलं होतं की वेगवेगळ्या नावांच्या कितीतरी लाइन्स प्रत्यक्षात हेलाच आहेत. लॅबमध्ये सोय असेल तर एसटीआर प्रोफाइल, म्हणजे पेशींची डीएनएवरून ओळख, करून घ्या. मायकोप्लाझ्मा टेस्ट तर सोय नसली तरी करा, कारण मायकोप्लाझ्मा हा कल्चरमध्ये शिरणारा बारीक जिवाणू स्वतः एमटीटीला जांभळं करू शकतो आणि मायक्रोस्कोपखाली दिसत नाही.

कर्क्युमिन: हे वाटतं तितकं साधं नाही

हळद पावडर मिडियममध्ये ढवळून टाकणारे लोक मी पाहिलेत, तसं करू नका. हळदीत कर्क्युमिन साधारण २ ते ५ टक्के, बाकी स्टार्च, तेलं, बरंच काही. विकतच्या बाटलीवर "कर्क्युमिन" लिहिलेलं असलं तरी साधा ग्रेड असेल तर त्यात तीन भावंडं एकत्र असतात, कर्क्युमिन ७७ टक्क्यांच्या आसपास, डिमिथॉक्सी १७ आणि बिसडिमिथॉक्सी ३. बाटलीसोबतचं अ‍ॅनालिसिस सर्टिफिकेट मागून घ्या आणि प्युरिटी थिसिसमध्ये लिहा.

पाण्यात विरघळत नाही, डीएमएसओ हे सॉल्व्हंट लागतं. स्टॉक २० मिलिमोलरचा करा. मॉलिक्युलर वेट ३६८.३८, म्हणजे १ मिली डीएमएसओमध्ये ७.३७ मिलिग्रॅम. वजन करताना पंखा बंद करा. छोटे छोटे भाग करून, फॉइल गुंडाळून, वजा २० ला ठेवा आणि एकदा वितळवलेला भाग परत गोठवू नका. उजेडात हे कंपाउंड बिघडतं, त्यामुळे हूडचा दिवा मंद करून काम करा. आणि जुना एप्रन घाला, कारण हळदीचा डाग हळदीचाच असतो, बेंचवर एक थेंब सांडला तर तो महिनाभर तिथेच राहतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कर्क्युमिन आपल्या शरीराच्या पीएचला टिकत नाही. सीरम (मिडियममध्ये घालतात तो रक्ताचा द्रव भाग) नसलेल्या फॉस्फेट बफरमध्ये, पीएच ७.२, ३७ डिग्रीला, अर्ध्या तासात ९० टक्के मोडून जातं. १० टक्के सीरम असलेल्या मिडियममध्ये जरा सांभाळलं जातं, तासाभरात २० टक्क्यांपेक्षा कमी जातं आणि ८ तासांनी अर्धं उरतं. म्हणजे तुम्ही "४८ तास २० मायक्रोमोलर" असं लिहिता तेव्हा प्रत्यक्षात पेशींना पहिल्या काही तासांत २० च्या आसपास मिळालेलं असतं आणि पुढचा दीड दिवस त्या त्याच्या तुकड्यांसोबत काढतात. म्हणून सीरम किती टक्के वापरलं ते लिहिलंच पाहिजे. एका पेपरमध्ये आयसी५० बारा येते आणि दुसऱ्यात चाळीस, मुलं गोंधळून जातात, बऱ्याचदा फरक सीरममध्ये आणि तासांत असतो.

डीएमएसओचं गणित

डीएमएसओ स्वतः पेशींना त्रास देतं, ०.५ टक्क्याच्या वर तर जाऊच नका, मी ०.२ वर थांबते. आणि प्रत्येक वेलमध्ये डीएमएसओ सारखंच पाहिजे, नाहीतर जास्त डोसच्या वेलमध्ये जास्त डीएमएसओ जातं आणि तुम्ही नक्की कशाचा परिणाम मोजताय तेच कळत नाही. त्यामुळे डायल्यूशन मिडियममध्ये न करता आधी डीएमएसओमध्येच करा. २० मिलिमोलर स्टॉक, त्याचं निम्मं १०, मग ५, २.५, १.२५, ०.६२५, ०.३१२५. आता ह्या सातही ट्यूबमधून २ मायक्रोलिटर घेऊन १ मिली मिडियममध्ये टाका, प्रत्येक वेळी ५०० पट पातळ झालं, म्हणजे ४०, २०, १०, ५, २.५, १.२५ आणि ०.६२५ मायक्रोमोलर, आणि डीएमएसओ सगळीकडे ०.२ टक्के. मिडियममध्ये टाकल्या टाकल्या लगेच वर-खाली करून मिसळा, नाहीतर ४० वाल्यात केशरी कण खाली बसतात. कण दिसले तर तो डोस धरू नका, ते कंपाउंड पेशींपर्यंत विरघळून पोचलेलंच नाही.

पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून बहुतेकजण सिस्प्लॅटिन घेतात. घ्या, पण कृपा करून डीएमएसओमध्ये विरघळवू नका, डीएमएसओ प्लॅटिनमला चिकटून औषधाची ताकदच घालवतं, सिस्प्लॅटिन सलाइनमध्ये करायचं. मी स्वतः कॅम्प्टोथेसिन घेते, ते डीएमएसओमध्येच विरघळतं त्यामुळे व्हेइकल, म्हणजे औषध विरघळवायचं द्रव, एकच राहतं, १ ते ५ मायक्रोमोलरमध्ये आधी ट्राय करून एक डोस पक्का करा. ग्लोव्हज घालूनच हात लावा.

कॅम्प्टोथेसिन घेण्यामागे माझं अजून एक कारण आहे. हे १९६६ मध्ये वॉल आणि वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळं केलं, आणि तेच आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यामध्ये भरपूर असतं, त्या झाडाची ह्याच्यासाठीच चोरटी तोड झाली. ह्या रेणूत बदल करून टोपोटेकन बनलं, ज्याला २००६ मध्ये अमेरिकेत सिस्प्लॅटिनसोबत गर्भाशयमुखाच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली. १९६६ ते २००६, चाळीस वर्षं. वनस्पतीतून कॅन्सरचं औषध येतं, नक्की येतं, सदाफुलीतून विनक्रिस्टिन आलं, यू झाडाच्या सालीतून पॅक्लिटॅक्सेल आलं, पण मधे किती वर्षं आणि किती पायऱ्या असतात ते त्या एका कंट्रोलच्या वेलमध्ये तुमच्या डोळ्यासमोर असतं.

पेशी मोजणं आणि प्लेट मांडणं

फ्लास्क ७०-८० टक्के भरलेला असताना घ्या, गच्च भरलेला नको. पीबीएसने (मिठाचं बफर) धुवा, ट्रिप्सिन हे पेशी सोडवणारं एन्झाइम टाका, हेला दोन-तीन मिनिटांत सुटतात, सिहाला थोडा जास्त वेळ लागतो, फ्लास्कवर थापट्या मारू नका, गुठळ्या होतात आणि मोजणी चुकते. ट्रिपॅन ब्लूबरोबर निम्मं-निम्मं मिसळून हिमोसायटोमीटरवर मोजा. समजा चार कोपऱ्यांतल्या चौकोनांची सरासरी ४२ आली, तर ४२ गुणिले २ गुणिले १०,००० म्हणजे मिलीला ८.४ लाख पेशी. आपल्याला वेलमध्ये १०० मायक्रोलिटरमागे ५,००० पाहिजेत म्हणजे मिलीला ५०,०००. ५० वेलसाठी ५ मिली लागतं, आपण ७ मिली करू, म्हणजे साडेतीन लाख पेशी, म्हणजे ४१७ मायक्रोलिटर पेशी आणि बाकी मिडियम. सिहा हळू वाढतात म्हणून त्यांच्या ७-८ हजार टाका.

९६ वेलच्या प्लेटमधले कडेचे वेल वापरू नका, तिथून पाणी उडतं आणि आकडे वेडेवाकडे येतात. कडेला पीबीएस भरा. आत ६० वेल उरतात, सहा ओळी आणि दहा रकाने. रकाने असे लावा: नुसतं मिडियम, ०.२ टक्के डीएमएसओ, मग कर्क्युमिनचे सात डोस, शेवटी कॅम्प्टोथेसिन. वरच्या पाच ओळींत पेशी. आणि सहाव्या ओळीत पेशी टाकायच्याच नाहीत, फक्त मिडियम, पण औषध आणि एमटीटी सगळं तसंच. ही सहावी ओळ वाया गेल्यासारखी वाटते म्हणून लोक ती सोडतात. मीही सोडली होती.

रात्रभर ठेवा, पेशी चिकटून पसरू द्या, मग जुनं मिडियम काढून औषधवालं १०० मायक्रोलिटर टाका. एक प्लेट २४ तास, एक ४८ तास.

रोज मायक्रोस्कोपखाली बघा. खरंच बघा. डीएमएसओच्या वेलमध्ये हेला फरशीसारख्या एकमेकींना चिकटून बसलेल्या दिसतात, मधे मधे एखादी गोल चकचकीत, ती मरत नाहीये, ती विभागायला गोल झालीय. ५ मायक्रोमोलरला बघताना फरक ओळखणं अवघड जातं. २० ला मात्र मोकळी जागा दिसायला लागते, पेशी आक्रसतात, काहींच्या कडेला बुडबुडे फुटल्यासारखे दिसतात आणि काही सुटून वर तरंगतात. ४० ला अख्खा वेल पिवळट आणि पेशींच्या आतही पिवळा रंग शिरलेला. फोटो काढा, प्रत्येक डोसचा, एकाच मॅग्निफिकेशनला, स्केल बार टाकून. नंतर आकडा पटला नाही तर हे फोटोच खरं सांगतात.

एमटीटी, आणि माझी चूक

एमटीटी ५ मिलिग्रॅम प्रति मिली पीबीएसमध्ये, ०.२२ च्या फिल्टरमधून गाळून, अंधारात ठेवा. औषधवालं मिडियम हळूच काढा, पीबीएसने एकदा धुवा, ताजं मिडियम १०० मायक्रोलिटर टाका आणि मग एमटीटी १० मायक्रोलिटर. तीन-चार तास ३७ डिग्रीला. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचं जांभळं फॉर्मॅझान करतात, तळाशी सुयांसारखे खडे दिसतात. वरचं द्रव काढा, १०० मायक्रोलिटर डीएमएसओ टाकून खडे विरघळवा, दहा मिनिटं हलवा, ५७० नॅनोमीटरला वाचा, ६३० चा रेफरन्स घ्या.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा धुतलं नव्हतं, सरळ औषधाच्या मिडियममध्येच एमटीटी ओतली होती कारण ज्या प्रोटोकॉलची झेरॉक्स मला मिळाली त्यात धुवायचं लिहिलं नव्हतं. ग्राफ छान खाली येत गेला, ५, १०, २०, आणि ४० ला परत वर. ४० ला २० पेक्षा जास्त पेशी जिवंत. डोळ्यांनी तर वेल रिकामा दिसला होता. मी काय केलं, ४० चा पॉइंट "आउटलायर" म्हणून काढून टाकला. सरांनी ग्राफ बघून फक्त एक विचारलं, ४० कुठे गेला, आणि मग म्हणाले, पेशी न टाकता हेच करून आण. केलं. एकही पेशी नसलेल्या वेलमध्ये चार तासांनी जांभळट रंग उतरलेला होता. कर्क्युमिन अँटिऑक्सिडंट आहे, अँटिऑक्सिडंट म्हणजे इलेक्ट्रॉन द्यायला तयार बसलेला रेणू, आणि एमटीटीला रंग बदलायला इलेक्ट्रॉनच तर पाहिजे असतो. तो पेशीकडून आलाय की बाटलीतून आलाय हे प्लेट रीडरला कसं कळणार. म्हणून ती सहावी ओळ. आणि हे फक्त कर्क्युमिनचं नाही, अश्वगंधा, तुळस, आवळा, कसलाही पॉलिफेनॉलवाला अर्क असो, ती ओळ पाहिजेच.

हिशोब असा. प्रत्येक रकान्यातल्या पाच वेलच्या सरासरीतून त्याच रकान्याचा पेशी नसलेला वेल वजा करा. समजा डीएमएसओचा ०.८६, त्याचा रिकामा ०.०६, उरले ०.८०. २० मायक्रोमोलरचा ०.४३, त्याचा रिकामा ०.०७, उरले ०.३६. ०.३६ भागिले ०.८० म्हणजे ४५ टक्के. १०० टक्के म्हणून डीएमएसओवाला रकाना धरायचा, नुसत्या मिडियमवाला नाही. मिडियम आणि डीएमएसओमध्ये फार फरक आला तर डीएमएसओच मारतंय, थांबा आणि परत करा.

एका प्लेटमधले पाच वेल म्हणजे एन (स्वतंत्र प्रयोगांची संख्या) बरोबर पाच नाही. तो एकच प्रयोग पाच वेळा वाचलाय. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या पेशी, ताजं वितळवलेलं औषध, असं तीन वेळा केलं तर एन बरोबर तीन. आयसी५० काढताना दोन पॉइंटमध्ये पट्टीने रेघ मारू नका, डोसचा लॉग घेऊन चार पॅरामीटरचा कर्व्ह बसवा, आणि आकड्यासोबत कॉन्फिडन्स इंटरव्हल द्या. सगळ्यात मोठ्या डोसलाही ५० टक्क्यांच्या खाली गेलंच नाही तर "४० पेक्षा जास्त" एवढंच लिहा, तो पण निकालच आहे.

मेल्या की नुसत्या थांबल्या?

एमटीटी मरण मोजत नाही, पेशींचा चयापचय किती चालू आहे ते मोजते. पेशी विभागायच्या थांबल्या तरी रंग कमीच येतो. त्यामुळे "कर्क्युमिनने अ‍ॅपोप्टोसिस घडवला", म्हणजे पेशींनी ठरवून स्वतःला संपवलं, असं एमटीटीवरून लिहिता येत नाही. त्यासाठी अ‍ॅनेक्सिन आणि पीआय (मरणाऱ्या आणि मेलेल्या पेशी ओळखायचे डाय) करा, पण इथे अजून एक खड्डा आहे, कर्क्युमिन स्वतः हिरवं चमकतं, नेमकं त्याच चॅनलमध्ये जिथे एफआयटीसी हा हिरवा डाय वाचतात. म्हणजे कर्क्युमिन शोषून घेतलेली धडधाकट पेशी मशीनला अ‍ॅनेक्सिन पॉझिटिव्ह वाटू शकते. औषध दिलेल्या पण डाय न लावलेल्या पेशींची एक ट्यूब ठेवाच, नाहीतर लाल बाजूचा डाय घ्या, एपीसीवाला. जोडीला कॅस्पेज-३ किंवा पार्प हे प्रोटीन तुटलेलं वेस्टर्न ब्लॉटवर दाखवा. बजेट असेल तर ई६-ई७ ची क्यूपीसीआर, म्हणजे ते जीन किती चालू आहेत ते मोजणं, करा, केरळातल्या संशोधकांनी २००६ मध्ये एचपीव्ही असलेल्या पेशींत कर्क्युमिनने ई६-ई७ कमी होतात असं दाखवलंय, तेव्हा तुमच्या पेशींत ते होतंय का हे बघण्यात खरी मजा आहे. क्लोनोजेनिकला, म्हणजे एकेका पेशीपासून वसाहत उगवते का ते बघायला, महागडं काही लागत नाही, फक्त दहा-बारा दिवस धीर लागतो, आणि मला विचाराल तर दहा एमटीटींपेक्षा एक क्लोनोजेनिक जास्त सांगून जाते.

आता आकडा माणसाच्या रक्ताशी लावून बघा

हे एक पान थिसिसमध्ये असलंच पाहिजे आणि बहुतेक थिसिसमध्ये नसतं. समजा तुमची आयसी५० २० मायक्रोमोलर आली. २००१ साली तैवानमध्ये झालेल्या ट्रायलमध्ये माणसांना दिवसाला ८ ग्रॅमपर्यंत कर्क्युमिन दिलं, त्यात गर्भाशयमुखात कॅन्सरपूर्व बदल असलेल्या बायकाही होत्या, तर ८ ग्रॅमलाही रक्तात सरासरी सर्वोच्च पातळी १.७७ मायक्रोमोलर पोचली. म्हणजे तुमच्या डिशमधल्या डोसच्या अकराव्या हिश्श्यापर्यंत, तेही थोडा वेळ. तुमच्या प्लेटवर १.२५ आणि २.५ चे रकाने आहेत ना, त्यांच्याकडे बघा, तिथे पेशी मजेत वाढताना दिसतील. आणि ८ ग्रॅम कर्क्युमिन म्हणजे ३ टक्के धरले तर रोज २६५ ग्रॅमच्या वर हळद. आमच्या सांगलीकडे हळदीच्या पेठेत पोती रचलेली असतात तरी रोज पाव किलो हळद कोणी खाऊ शकत नाही.

मग कोणीतरी मिरीचं काढतं. बेंगळुरूच्या १९९८ च्या अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर शोषण २००० टक्क्यांनी वाढलं होतं, हे खरं आहे, पण नुसतं कर्क्युमिन घेतल्यावर रक्तात जवळपास सापडतच नव्हतं, शून्याच्या जवळच्या आकड्याची वीस पट वाढ आहे ती. शिवाय पायपरिन लिव्हरमध्ये औषधं मोडणारी एन्झाइम्स अडवतं, म्हणजे केमो चालू असलेल्या बाईच्या बाकीच्या औषधांची पातळीही हलू शकते, आणि हळदीच्या सप्लिमेंट्सनी लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात. भाजीतल्या चिमूटभर हळदीबद्दल नाही बोलत मी, गोळ्यांबद्दल बोलतेय.

रक्तातून पोचत नाही तर थेट जागेवर लावून बघू, हा विचार जास्त शहाणा आहे आणि कोलकात्यात तशी ट्रायल झालीही, २०१३ मध्ये छापून आली. एचपीव्ही असलेल्या पण कॅन्सर नसलेल्या बायकांना कर्क्युमिन आणि इतर वनस्पती असलेलं क्रीम दिलं, ८७.७ टक्के बायकांचा व्हायरस गेला. ऐकायला भारी वाटतं, पण औषध नसलेल्या गटातही ७३.३ टक्के बायकांचा गेला, कारण एचपीव्हीचा संसर्ग बहुतेक वेळा शरीर स्वतःच घालवतं. नुसत्या कर्क्युमिनच्या गटात ८१.३, आणि तो फरक सांख्यिकीत टिकला नाही. आता ह्या ७३ शिवाय नुसतं ८७ कोणी सांगितलं तर तुम्हाला काय वाटलं असतं विचार करा. कंट्रोलचा आकडा लपवला की खरी माहितीसुद्धा खोटी होते.

पोस्टरवर काय लिहायचं

माझ्या पोस्टरचं शीर्षक होतं, हळदीतील घटकाचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर परिणाम. प्रदर्शन सगळ्यांना खुलं होतं. एक मावशी आल्या, साठीच्या असतील, कोणाच्या तरी सोबत आल्या होत्या, मराठीतलं शीर्षक त्यांनी बोट ठेवून वाचलं आणि हळू आवाजात विचारलं, "बाळा, किती चमचे घ्यायची?" मी म्हटलं कोणासाठी, तर म्हणाल्या, माझ्याचसाठी, पाळी जाऊन बारा वर्षं झाली आणि आता परत अंगावर जातंय. त्यांनी कुठे दाखवलं नव्हतं. घरात कोणाला सांगितलंही नव्हतं. माझ्या ग्राफवर ४० चा पॉइंट नव्हता, आणि त्या मला चमचे विचारत होत्या.

तेव्हापासून मी ज्युनियर्सना शीर्षक असं लिहायला लावते: "प्रयोगशाळेत वाढवलेल्या हेला आणि सिहा पेशींवर कर्क्युमिनचा परिणाम". कॅन्सरवर नाही, बाईवर नाही, पेशींवर. पेशींचं नाव, डोस, तास आणि सीरम हे सारांशातच आलं पाहिजे. "बरा करते", "रामबाण", "साइड इफेक्ट नाही" हे शब्द नकोत. साइड इफेक्ट तुम्ही मोजलेलेच नाहीत. आणि पोस्टर मराठीत असेल तर खाली ठळक अक्षरात एक ओळ टाका: हा प्रयोग डिशमधल्या पेशींवर आहे, हळद खाऊन हा आजार बरा होतो असा ह्याचा अर्थ नाही, अंगावरून रक्त किंवा घाण पाणी जात असेल तर डॉक्टरांना दाखवा.

पोस्टरजवळ उभं राहताना उत्तरं तयार ठेवा, कारण कोणीतरी विचारणारच. पाळी गेल्यावर रक्त जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, वास येणारं पाणी जाणं, ह्यातलं काहीही असेल तर वाट बघायची नाही. काहीच त्रास नसला तरी तिशीनंतर तपासणी करायची, सरकारी आरोग्य केंद्रात व्हीआयए करतात, पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावून पांढरा डाग येतो का बघतात, काही मिनिटांचं काम, दर पाच वर्षांनी. एचपीव्ही टेस्टची सोय असेल तर ती अजून चांगली, आणि ह्याचा पुरावा आपल्याच धाराशिव जिल्ह्यातला आहे, तेव्हाचं उस्मानाबाद. सव्वा लाखाच्या वर बायका, आठ वर्षं पाठपुरावा, २००९ मध्ये निकाल आला, आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टच्या गटात ह्या कॅन्सरने ३४ मृत्यू, नेहमीच्या सोयींवर ठेवलेल्या गटात ६४. सोबत आलेली नात नऊ ते चौदा वर्षांची असेल तर लसीचं सांगा, पुण्यात बनणारी सर्वाव्हॅक २०२३ पासून आहे, १६ आणि १८ दोन्ही प्रकार त्यात आहेत, म्हणजे तुमच्या सिहातला आणि हेलातला.

त्या मावशींना मी त्या दिवशी चमच्यांचं उत्तर दिलं नाही. पोस्टर मैत्रिणीकडे सोडलं, कॉलेजच्या गेटवरून रिक्षा केली, दोघी सरकारी दवाखान्यात गेलो, केसपेपर काढला आणि बायकांच्या ओपीडीच्या रांगेत बसलो. नंबर यायला पावणेदोन तास लागले, तेवढ्या वेळात त्यांनी मला त्यांच्या गावच्या हळदीचं सगळं सांगितलं, कशी शिजवतात, कशी वाळवतात, पॉलिश कसं करतात. आत जाताना त्यांनी पिशवी माझ्याकडे धरायला दिली.